पाहिले काय आणि मानले काय?

रात्रीची जपमाळ आटोपते, जेवणे होतात, आणि मग ओसरीवर गोष्टींना रंग चढू लागतो. पावसाळा नुकताच सरलेला असतो. आकाश धुऊन पुसून ठेवल्यासारखे स्वच्छ असते. अशा वेळी कोणीतरी हळूच विषय काढतो, "परवा डोंगरावर एक दिवा दिसला. आधी जागच्या जागी होता, मग सरकू लागला, मग एकाएकी नाहीसा झाला." दुसरा त्याला आपला अनुभव जोडतो. तिसऱ्याच्या मोबाइलवर दूरदेशीच्या उडत्या तबकडीची चित्रफीत असते, ती हातोहात फिरते. आजी पदर सावरून म्हणते, "बाळांनो, तो भटक्या आत्म्याचा दिवा." शाळकरी नातू फिदीफिदी हसतो. आजी दुखावते, नातू फुशारतो, आणि गोष्ट तेथेच संपते.

वाचकहो, या दोघांत बरोबर कोण? आम्हांस विचाराल तर दोघांनीही अजून तपासाला हातच घातलेला नाही. आजीने न तपासता मानले, नातवाने न तपासता नाकारले. दिवा कोणत्या दिशेला दिसला, किती वाजता, किती वेळ, हे दोघांपैकी एकानेही विचारले नाही.

आकाशातील अगम्य वस्तू आणि मृतात्म्यांचे निरोप हे दोन विषय वरवर निराळे दिसतात. परंतु दोहोंच्या तपासाची किल्ली एकच आहे. माणसाने प्रत्यक्ष पाहिले काय, आणि त्यावरून मानले काय, या दोन गोष्टी निवडून वेगळ्या ठेवाव्या लागतात. गृहिणी तांदूळ आणि खडे वेगळे करते तशीच ही निवड आहे. ती दिसते सोपी, पण भल्याभल्यांस साधत नाही. हे दाखविणाऱ्या काही खऱ्या हकिकती आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बशी आली कोठून?

24 जून 1947 चा दिवस. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात केनेथ आर्नल्ड नावाचा एक व्यापारी आपले लहानसे विमान स्वतः चालवीत निघाला होता. माउंट रेनियर या हिमाच्छादित पर्वताच्या परिसरात एक लष्करी विमान बेपत्ता झाले होते आणि ते शोधून देणाऱ्यास 5,000 डॉलरचे बक्षीस लागले होते. म्हणून वाट थोडी वाकडी करून आर्नल्ड त्या बाजूला गेला. एवढ्यात त्याच्या डोळ्यांवर लखकन प्रकाश चमकला. पाहतो तो नऊ चकचकीत वस्तू एका रांगेत वेगाने चाललेल्या! रेनियर आणि अ‍ॅडम्स या दोन शिखरांमधील अंतर त्यांनी किती वेळात कापले, हे त्याने घड्याळात पाहिले. 1 मिनिट 42 सेकंद. त्यावरून त्याने हिशेब केला, तो वेग ताशी 1,200 मैलांहून अधिक निघाला. ध्वनीपेक्षा अधिक वेगाने विमान उडाल्याची पहिली अधिकृत नोंद त्याच वर्षीच्या 14 ऑक्टोबरची आहे. तेव्हा जूनमध्ये हा आकडा ऐकून लोक थक्क झाले यात नवल नाही.

आता निवड करून पाहू. वेळ घड्याळाने मोजली होती. अंतर मात्र नजरेने ठरविले होते. त्या वस्तू आर्नल्डच्या अंदाजापेक्षा जवळ असतील, तर तोच हिशेब पुष्कळ खाली उतरतो. चमक पाहिली, हे पाहणे. ताशी 1,200 मैल, हे मानणे. आर्नल्ड लबाड नव्हता, वेडाही नव्हता. परंतु प्रामाणिक माणसाच्या सांगण्यातसुद्धा या दोन गोष्टी दूध-पाण्यासारख्या मिसळून येतात.

पुढे तर याहून मौज झाली. त्या वस्तूंची चाल कशी होती हे सांगताना आर्नल्डने वार्ताहरांस एक उपमा दिली. पाण्यावर तिरकी फेकलेली बशी जशी उड्या घेत जाते, तशी. आपली मुले तळ्यावर चपटा दगड फेकून हाच खेळ खेळतात. उपमा चालीची होती, आकाराची नव्हे. त्याने पुढे लष्कराला जे चित्र काढून दिले, त्यातील वस्तूही पूर्ण वाटोळी बशी नव्हती. पण वृत्तपत्रांनी "उडती बशी" असा मथळा दिला, आणि काही आठवड्यांच्या आत देशभरातून शेकडो लोकांस आकाशात बशाच बशा दिसू लागल्या! आपल्याकडे त्याच शब्दाची "उडती तबकडी" झाली. बशी हा शब्द आधी आला, बशा मागाहून दिसल्या. डोळा पाहतो खरा, पण पुष्कळदा मनात आधीच मांडून ठेवलेली वस्तूच तो पाहतो.

सरहद्दीवरील दोन दिवे

ही गोष्ट परदेशाचीच आहे असे कोणी समजू नये. 2012 च्या सुमारास लडाखच्या सरहद्दीवर पहारा करणाऱ्या आपल्या जवानांस रात्रीच्या आकाशात संथ सरकणारे तेजस्वी दिवे वारंवार दिसू लागले. शेजारी राष्ट्राची टेहळणीची चालकरहित याने असावीत, असा संशय आला, आणि त्या ठिकाणी तो येणे साहजिकच होते. अखेर खगोलशास्त्रज्ञांस विचारण्यात आले. ते दिवे म्हणजे गुरू आणि शुक्र हे दोन ग्रह होते, असा त्यांचा निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे हसण्यासारखे काहीच नाही. इतक्या उंचावरील विरळ, निर्मळ हवेत ग्रह अधिकच तेजस्वी दिसतात. जवानांनी दिवा पाहिला हे अक्षरशः खरे होते. चुकला तो अर्थ. आणि त्यांनी जे केले तेच योग्य होते. पाहिले त्याची नोंद ठेवली, वरिष्ठांस कळविले, आणि जाणकारांकडून खातरी करून घेतली गेली. संशय आला म्हणून गोळी झाडली नाही, आणि कोणी हसेल म्हणून तोंडही मिटले नाही.

"ठाऊक नाही" हेही उत्तरच

अमेरिकेच्या वायुदलाने असल्या वृत्तांतांचा तपास पुष्कळ वर्षे चालविला. 1952 पासून त्या कामाचे नाव "ब्ल्यू बुक" असे होते, आणि 1969 च्या अखेरीस ते बंद झाले. 1947 पासून जमलेले वृत्तांत एकंदर 12,618 होते. बहुतेकांचा उलगडा झाला. कोठे तेजस्वी ग्रह, कोठे उल्का, कोठे हवामानाचे फुगे, कोठे विमाने, तर कोठे निव्वळ लबाडी. 701 वृत्तांतांचा मात्र उलगडा झाला नाही. म्हणजे शंभरात पाच-सहा.

या 701 वरून दोन तट पडले. एक म्हणतो, "पाहा, परग्रहावरचे पाहुणे आलेच!" दुसरा म्हणतो, "तेही खोटेच असणार." आमच्या मते दोघेही पुराव्याच्या पुढे धावतात. तपासनिसाने "ओळख पटली नाही" असा शेरा मारला, याचा अर्थ ओळख पटली नाही, एवढाच. माहिती अपुरी असेल, साक्षीदाराची आठवण पुसट झाली असेल, किंवा खरोखरच काही नवे असेल. बाजारात हरवलेली पिशवी कोणी नेली हे कळले नाही, म्हणून ती भुताने नेली असे ठरत नाही; आणि चोर सापडला नाही म्हणून पिशवी हरवलीच नाही असेही ठरत नाही.

घाईने शंका घेणाऱ्यासही कसे पस्तावावे लागते, याचा दाखला याच तपासात आहे. वायुदलाचे सल्लागार जे. अ‍ॅलन हायनेक हे नाणावलेले खगोलशास्त्रज्ञ होते. मार्च 1966 मध्ये मिशिगन राज्यात अनेक लोकांस रात्री चमत्कारिक दिवे दिसले. हायनेक तेथे गेले, आणि थोड्याच दिवसांत वार्ताहरांपुढे म्हणाले की, काही ठिकाणचे दिवे दलदलीतील वायू पेटल्याने दिसले असावेत. आपल्याकडे ज्याला आग्यावेताळ म्हणतात, त्यालाही लोक हेच कारण देतात. खुलासा अशक्य कोटीतला नव्हता. परंतु तो इतक्या लवकर आला की, ज्यांनी दिवे पाहिले होते त्यांस आपली थट्टा झाली असे वाटले. प्रकरण अमेरिकेच्या लोकसभेपर्यंत गेले. हायनेक यांनी पुढे आपली भूमिका बदलली. परग्रहवासी आले असे त्यांनी जाहीर केले नाही. पण साक्षीदारांस हसण्यावारी न नेता या विषयाचा नीट अभ्यास व्हावा असे ते सांगू लागले, आणि 1973 मध्ये त्यासाठी त्यांनी एक केंद्रही काढले. सप्टेंबर 2023 मध्ये नासा या अवकाशसंस्थेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही असाच समतोल राखला. परग्रहाशी संबंध जोडणारा पुरावा नाही, उपलब्ध माहिती फार तोकडी आहे, आणि पाहणाऱ्यास लाज वाटू नये अशी व्यवस्था हवी, असे तिचे म्हणणे.

बोटांखालचे मेज

आता आकाशातून घरात येऊ. 1853 साली इंग्लंडात मेज फिरविण्याचे वेड लागले होते. चारचौघांनी मेजाभोवती बसून त्यावर हलके हात ठेवायचे. थोड्या वेळाने मेज आपोआप फिरू लागे. कोणी म्हणे वीज, कोणी म्हणे मृतात्मे, कोणी म्हणे सैतान. विजेचा थोर संशोधक मायकेल फॅरडे याला लोकांनी प्रश्नांनी भंडावून सोडले. फॅरडे मोठा भाविक ख्रिस्ती मनुष्य होता. त्याने कोणाची टवाळी केली नाही. ज्यांच्या हाताखाली मेज फिरते अशी सचोटीची माणसे त्याने बोलावली आणि प्रयोग मांडला.

त्याने पुठ्ठ्याचे काही तुकडे मऊ चिकट पदार्थाने एकावर एक असे बसविले की जोर लागताच ते थोडे सरकावेत. हा थर मेजावर ठेवून त्यावर हात ठेवण्यास सांगितले. तर्क साधा होता. मेज आपोआप फिरत असेल तर खालचा तुकडा आधी सरकेल आणि हात मागे राहतील. हात ढकलीत असतील तर वरचा तुकडा पुढे जाईल. मेज फिरले, थर तपासला, वरचा तुकडा पुढे गेलेला होता. मग त्याने एक हलकी काडी सुईसारखी जोडली. हात किंचित जरी बाजूला ढकलू लागला तरी ती काडी कलायची. बसणाऱ्यांस ती काडी डोळ्यांपुढे दिसू लागली, आणि काय आश्चर्य! मेज फिरेनासेच झाले. आपलाच हात ढकलतो आहे हे दिसताच तो हात आवरला गेला.

कोणी फसवीत नव्हते हे ध्यानात घ्यावे. माणसाच्या अपेक्षेने त्याचे स्नायू त्याच्या नकळत हलतात. आपल्याकडे वाटीवर किंवा नाण्यावर बोटे ठेवून जे प्लँचेट करतात, त्यातील हालचालीचा खुलासाही असाच आहे. मेज हलले, हे पाहणे. मृताने हलविले, हे मानणे. ख्रिस्तसभेने असल्या बैठकांस मनाई केली आहे हे आपणांस ठाऊकच आहे. परंतु आज्ञा पाळताना त्यामागील समंजसपणाही कळला तर बरे.

दोन बहिणी

मेज फिरविण्याच्या या वेडामागे अमेरिकेतील एक प्रकरण होते. 31 मार्च 1848 रोजी न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल या खेड्यात फॉक्स नावाच्या कुटुंबातील मार्गारेट आणि केट या दोन अल्पवयीन बहिणींच्या खोलीत टकटक आवाज ऐकू आले. प्रश्न विचारावा आणि टकटकीने उत्तर यावे! शेजारी जमले, बातमी पसरली, थोरल्या बहिणीच्या देखरेखीखाली दोघींचे प्रयोग भरगच्च सभागृहांतून होऊ लागले. 1851 मध्येच बफेलो येथील डॉक्टरांनी सांगितले होते की, हा आवाज सांध्यांतून येतो. पण कोणास ऐकायचे होते? त्या टकटकीभोवती मृतात्म्यांशी बोलण्याचा एक मोठा पंथच उभा राहिला.

चाळीस वर्षांनी, 21 ऑक्टोबर 1888 रोजी, न्यूयॉर्क येथे भर सभेत मार्गारेट उभी राहिली आणि हे सारे लबाडीचे होते अशी तिने कबुली दिली. पायाच्या बोटांचे सांधे मोडून तो आवाज कसा काढीत, हे तिने तेथेच करून दाखविले. आरंभी आईला भिवविण्यासाठी सफरचंदाला दोरी बांधून ते जमिनीवर आपटीत असू, असेही तिने सांगितले. पुढल्या वर्षी तिने ही कबुली मागे घेतली. 1892 मध्ये केट आणि 1893 मध्ये मार्गारेट, दोघीही दारिद्र्यात मरण पावल्या. पंथ मात्र चालूच राहिला. कबुली खरी धरणाऱ्यांनी ती धरली. ज्यांस नको होती त्यांनी ती दडपणाखाली दिली असे म्हटले.

कबुलीनेही जी श्रद्धा ढळत नाही, ती आवाजावर उभी नसते. ती दुःखावर उभी असते. ज्या माउलीने पोटचा मुलगा गमावला आहे, तिला टकटकीचा सांधा ऐकू येत नाही, मुलगा ऐकू येतो. म्हणून तिला हसणे हे पाप, आणि तिच्या दुःखाचे पैसे करणे हे त्याहून मोठे पाप. आजही गावोगाव असे लोक फिरतात. ते मृताचे निरोप सांगतात, हरवलेले दाखवितात, आणि दक्षिणा मोजून घेतात. त्यांच्यापुढे घरातील शहाण्या माणसाने शांतपणे प्रश्न विचारणे, ही त्या माउलीची सेवाच होय.

हाच काटा आपल्या घरी

दुसऱ्याच्या भुताला प्रश्न विचारणे सोपे असते. आपल्या घरच्या गोष्टीला तोच काटा लावताना हात कापतो. मार्च 2012 मध्ये मुंबईत पार्ल्याजवळ एका क्रूसमूर्तीच्या पायांतून पाण्याचे थेंब ठिबकू लागले. भाविकांची गर्दी झाली. काहींनी ते पाणी तीर्थासारखे नेले. सनल एडामरुकु नावाच्या बुद्धिवादी कार्यकर्त्याने जागा पाहून सांगितले की, जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्याचे पाणी भिंतीतून झिरपून वर चढते आहे. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तशी. त्याने ख्रिस्तसभेविषयी कडवट शब्दही काढले, आणि ते आपल्या लोकांस झोंबले. पण उत्तर म्हणून काहींनी पोलिसांत फिर्यादी गुदरल्या; त्याच वर्षी तो देश सोडून फिनलंडला गेला. वाचकहो, शब्दांचा राग समजतो. परंतु पाणी कोठून येते या प्रश्नाचे उत्तर फिर्याद कशी असेल? ते उत्तर गवंड्यापाशी होते. आणि पाणी सांडपाण्याचे असेल, तर ते तोंडी लावणाऱ्या भाविकांच्या जिवाची काळजी प्रथम आपणांसच वाटावयास हवी होती.

ख्रिस्तसभेची स्वतःची रीत याहून फार सावध आहे. लूर्द येथे 1883 पासून वैद्यकीय कचेरी आहे. बरे झाल्याच्या 7,000 हून अधिक नोंदी तेथे झाल्या. त्यांपैकी चमत्कार म्हणून घोषित झालेल्या 2018 पर्यंत अवघ्या 70. तेथील डॉक्टर "चमत्कार" हा शब्द वापरीत नाहीत. "आजच्या वैद्यकास याचा उलगडा होत नाही" एवढेच ते म्हणतात. पुढील निर्णय बिशपांचा. म्हणजे पाहणे एकाकडे, मानणे दुसऱ्याकडे! 17 मे 2024 रोजी रोमहून निघालेल्या नव्या नियमांनी तर अधिकच संयम सांगितला आहे. अलौकिक म्हणून गाजलेल्या घटनेच्या बाबतीत बिशपांनी भक्तीस हरकत नाही एवढे म्हणावे. ती घटना अलौकिकच होती असे सामान्यतः जाहीर करू नये. जिची श्रद्धा भक्कम पायावर उभी आहे, तिला थेंबा-थेंबाचा टेकू लागत नाही. प्रभूच्या पुनरुत्थानाविषयी पुरावा मागणाऱ्या संत तोमाला शिष्यांच्या मंडळातून कोणी हाकलून दिले नव्हते, हेही आठवावे.

ओसरीवर परत

आता त्या डोंगरावरील दिव्याकडे वळू. आमची विनंती एवढीच की, पुढच्या वेळी नातवाने हसू नये आणि आजीने रुसू नये. दोघांनी मिळून अंगणात उतरावे. दिवा कोणत्या दिशेला आहे, किती वाजता दिसला, किती वेळ राहिला, हे वहीत त्याच रात्री लिहावे. उद्यावर ठेवू नये, कारण रात्रीतून आठवण वाढते. शेजारच्या वाडीतील कोणी पाहिला का ते विचारावे, पण आपला अर्थ त्याच्या कानावर घालण्यापूर्वी. साधे कारण आधी शोधावे. शुक्र असेल, विमान असेल, रानात कोणाची विजेरी असेल. गोष्ट सांगणाऱ्याला तिच्यातून काही मिळकत आहे का, तेही पाहावे. एवढे करून उलगडा झाला तर आनंद. न झाला, तर वहीत "ठाऊक नाही" असे सरळ लिहावे. त्यात लाज नाही.

सलग चार संध्याकाळी तोच दिवा त्याच जागी, थोडा थोडा सरकत डोंगराआड जाताना दिसला, तर आजीच प्रथम म्हणेल, "अरे, ही तर शुक्राची चांदणी!" आणि तिच्या बालपणीच्या चांदण्यांच्या गोष्टी नातवाला त्या रात्री ऐकावयास मिळतील.